हाकेचा पल्ला

जिल्हा पुरवणीतल्या बातम्यांत एक शब्दप्रयोग ठरलेला असतो. ‘पोलीस ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर घरफोडी.’ ‘तहसीलपासून हाकेच्या अंतरावर वाळूचा उपसा.’ ‘नगरपालिकेच्या हाकेच्या अंतरावर कचऱ्याचे ढीग.’ बातमीदार नवखा असो की मुरलेला, तिथं तो मीटर वापरत नाही. आणि त्याचं बरोबरच आहे. ‘ठाण्यापासून दोनशे मीटरवर चोरी झाली’ हे पंचनाम्यात शोभतं, ते वाचून कुणाला काही लागत नाही. हाकेच्या अंतरावर म्हटलं की ठाण्यातल्या माणसाला ते नेमकं लागतं. ऐकू येत होतं ना? मग आला का नाहीत?

हाकेवर असलेल्यानं आलं पाहिजे, हे त्या शब्दात धरलेलंच आहे. जवळ राहणाऱ्यावर असं काही बंधन नसतं. जवळ काय, कुणीही राहतं. फ्लॅटमध्ये तर भिंतीपलीकडचा माणूस चार वर्षं राहून जातो आणि आपल्याला त्याचं आडनाव दारावरच्या पाटीवरून कळतं. तो जवळ होता, हाकेवर नव्हता.

दुसरीकडं प्लॉटवाले. लातूरच्या रिंग रोडपलीकडं एका साइटवर मी मेव्हण्याबरोबर गेलो होतो. रिकाम्या रानात चुन्याच्या रेघा, लोखंडी कमान, आणि फ्लेक्सवर ‘बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर’. मोटारसायकलवर जाताना रस्त्यात दोन पेट्रोल पंप, एक मंगल कार्यालय आणि बराच हरभरा लागला होता. मेव्हण्यानं एजंटाला विचारलं, ‘‘कोणाच्या हाकेच्या?’’ एजंट हसला. म्हणाला, ‘‘भाऊजी, बोलायची पद्धत हाय. गाडीवर पाच मिनिटं लागतेत.’’

पण संस्कृत आणलं तर एजंटाची बाजू अगदीच लंगडी पडत नाही. आपण ज्याला कोस म्हणतो तो मुळात ‘क्रोश’. ‘क्रुश्’ म्हणजे ओरडणं, हंबरडा फोडणं. आक्रोशातलाही तोच धातू. ओरडणं ऐकू जाईल तेवढं अंतर तो क्रोश. गाईचं हंबरणं ऐकू जाईल तेवढ्या अंतरालाही ‘गोरुत’ असा शब्द आहे, आणि कोशांत त्याचे दोन कोस सांगितलेले आढळतात. म्हणजे गाईनं माणसाला याही बाबतीत मागं टाकलं. पुढं राजेलोकांनी त्या ओरडण्याला मोजायची दोरी लावली. मोगलांनी दिल्ली-आग्र्याच्या वाटेवर कोसाकोसाला मिनार बांधले, त्यातले काही अजून उभे आहेत. कोस मुलखामुलखात कमीजास्त होता, पण आपल्याकडं ढोबळमानानं दोन मैलांचा धरत आले. दोन मैल म्हणजे तीन किलोमीटरांच्या वर. एवढ्या लांब कुणाचं ओरडणं ऐकू जात असेल? एकतर त्या काळी माणसांची छाती मोठी होती, नाहीतर त्या काळीही कुणीतरी प्लॉट विकत होतं.

खरी हाक किती लांब जाते, याचा हिशेब मांडता येतो. हातभर अंतरावरून आपण साधं बोलतो ते साधारण 60 डेसिबल. गडी पोटातून ओरडला तर तेच 85-90 पर्यंत जातं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं पडतो. असं करत करत अर्ध्या किलोमीटरवर पोचेपर्यंत त्याच्यात जेमतेम 30-35 उरतात. रात्रीच्या शांत शिवारात कान देऊन ऐकलं तर तेवढं ऐकू येतं. तिथून पुढं गळ्याचं काही चालत नाही, हवेचं चालतं.

आणि हवा काय करते हे आमच्या आबांना, म्हणजे आजोबांना, पक्कं ठाऊक होतं. चैत्र-वैशाखात भर दुपारी ते कुणाला हाक मारायचेच नाहीत. बांधावर उभं राहून डोक्याचा पटका सोडायचे आणि हलवायचे. कारण विचारलं तर म्हणायचे, ‘‘ऊन हाक खातंय.’’ शाळेत हे कुणी शिकवलं नाही, पुढं भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सापडलं. तापलेल्या काळ्या रानाला लागून असलेली हवा जास्त गरम आणि वरची त्यामानानं थंड असते. गरम हवेत आवाज जोरात पळतो, थंडीत सावकाश, म्हणून तो पुढं जाता जाता वर वळतो. काही अंतरापलीकडं जमिनीवरच्या माणसाच्या डोक्यावरून हाक निघून जाते. पौष-माघाच्या पहाटे बरोबर उलटं होतं. जमीन रात्रभर निवून गार पडलेली, थंड हवा खाली, ऊबदार वर. आवाज वर जायला निघतो आणि वळून पुन्हा जमिनीवर येतो. म्हणून थंडीत पहाटे शेजारच्या गावातला काकडा आपल्या ओसरीवर ऐकू येतो, रेल्वेची शिट्टी ऐकू येते, आणि कोण कुणाला कुठल्या बांधावरून शिव्या देतंय तेही कळतं.

वाऱ्याचं तसंच. मृगात पश्चिमेचा वारा सुटला की पूर्वेकडच्या शेतातून घरी हाक येणं अवघड. लोक म्हणतात वारा हाक मागं ढकलतो. ढकलत नाही, तीही वर उचलतो. जमिनीलगत वारा मंद आणि वर जोराचा, त्यामुळं वाऱ्याच्या तोंडावर निघालेला आवाज वर वळतो. म्हणूनच विहिरीच्या मोटवणावर, बाभळीच्या फांदीवर, निदान बांधावर चढून हाक मारली की पोचते. पाखरं राखायला ज्वारीत चार खांबांचा माळा असायचा त्यावरून तर दोन शेतं सहज ओलांडायची. ऊस मात्र वाईट. लातूरकडं जिथं जिथं मांजरेचं पाणी फिरलं तिथं ज्वारी जाऊन ऊस आला. उसात शिरलेला माणूस दहा हातांवर असला तरी त्याची हाक पाचोळ्यात मुरते. कुठल्या दिशेनं आली तेही उमगत नाही.

हाक मारणं ही एक कलाच होती. लांबवर व्यंजनं पोचत नाहीत. स, फ, ख हे सगळं बारीक सामान वाटेतच गळतं. पोचतो तो स्वर. म्हणून हाकेत नावाचं शेपूट लांबवायचं: ग्यानबाऽऽ, पारूऽऽ, किसन्याऽऽ. ज्ञानेश्वर, पार्वती, श्रीकृष्ण ही नावं बारशाला आणि शाळेच्या रजिस्टरला. रानात त्यांचा उपयोग नाही. गावाकडं चांगल्या नावाचं वाटोळं करतात असं शहरात गेलेली पोरं म्हणतात. मला वाटतं, ते नाव दोन शेतांपलीकडं पोचावं म्हणून घासून घेतलेलं असतं. याला पुरावा माझ्याकडं माझ्या स्वतःच्या नावाखेरीज नाही, आणि ते मी इथं सांगणार नाही.

आता बाईमाणसानं नवऱ्याला हाक कशी मारायची? नाव घ्यायचं नाही. घरात ‘अवं’ आणि ‘ऐकलं का’ चालतं, पण ‘ऐकलं का’ ही काही हाकेची चीज नाही, ते ओसरीच्या पुढं जात नाही. आमची आजी माळवदावर चढायची. आमचं घर जुन्या धाटणीचं, दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि वर माळवद. कडेला दगडी जिना. जेवायची वेळ झाली की ती वर जाऊन पदर डोक्यावर नीट घ्यायची, तोंडाशी हात धरायची आणि पूर्वेकडं तोंड करून ओरडायची, ‘‘बबन्याऽऽ!’’ बबन म्हणजे माझा थोरला चुलता. तो पुष्कळदा खाली चुलीपुढं भाकर खात बसलेला असायचा. त्याला कळायचं की ही हाक आपल्याला नाही, तो मान वर करायचा नाही. आणि लांब शेतातून आबांचा आवाज यायचा, ‘‘ओऽऽ!’’

सगळ्या गावात असंच होतं, कुणाला त्यात नवल नव्हतं. पुढं बबनकाका पुण्याला कंपनीत लागले, तिकडंच राहिले. आजीची हाक तीच राहिली. रोज दुपारी माळवदावर उभी राहून ती बबन्याच्या नावानं ओरडायची. शेजारी नवीन सून आली होती, शहरातली. तिनं आठवडाभर हे ऐकलं आणि एक दिवस डोळे पुसत सासूला म्हणाली, ‘‘म्हातारी लेकाच्या नावानं किती झुरतेय हो.’’ सासू म्हणाली, ‘‘लेकाच्या न्हाई ग बाई, म्हाताऱ्याच्या. कालवन निवूलालंय.’’

हाकेचे नियमही होते. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. रात्री एका हाकेला ओ द्यायचा नाही, तीनदा येऊ द्यायची, मग बघायचं. हे भुताखेताच्या भीतीनं, पण त्यात शहाणपणही होतं. रात्री दार उघडायच्या आधी आवाज ओळखायला तीन हाका लागतातच. गावाला सांगायचं असेल तर कोतवालाची दवंडी. हलगी शेकून घ्यायची, चामडं ताणलं की तिचा आवाज कडक होतो. कोपऱ्यावर थांबून वाजवायची, मग सांगायचं. दवंडीचे थांबे ठरलेले होते आणि ते असे होते की एका थांब्याचं बोलणं जिथं विरतं तिथं दुसरा थांबा येतो. आता ते काम भोंगा करतो. भोंग्याला मात्र कायदा आहे. सन 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद ठेवायला सांगितलं, आणि दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटरचं शांतता क्षेत्र आखलं. कुणाच्या कानाला किती अंतरावरून धक्का लागू नये, हेही सरकारनं ठरवलं. पाळतं कोण, तो वेगळा विषय.

इथपर्यंत लिहिताना हाकेचं अंतर मी गोड करून सांगत आलोय. त्याची दुसरी बाजू आमच्याच गावात, गावकुसाच्या पलीकडं होती. महारवाडा कुठं असायचा? सावली पडणार नाही एवढा लांब, आणि हाक ऐकू जाईल एवढा जवळ. वेशीची राखण आणि गावकीची कामं करणारा महार तो येसकर, त्याचं नावच वेशीवरून पडलं. सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, मयताचा सांगावा घेऊन जायचं, मेलेलं ढोर ओढायचं, कोण साहेब आला तर त्याच्या घोड्यापुढं पळायचं. वेळ-अवेळ नाही. मुंबई प्रांतात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली कायदेमंडळात, ही कामं ज्या वतनांना बांधलेली होती त्या वतनांच्या कायद्यात दुरुस्ती करायचं विधेयक मांडलं, ते याच बांधिलकीतून सुटका व्हावी म्हणून. आमचा मुलूख तेव्हा निजामाकडं होता, पण हाक तीच होती. माझ्या एका वर्गमित्राचे वडील एकदा बोलता बोलता म्हणाले, ‘‘आमच्या बापाला गावातून हाक लई यायची. बोलावणं कवाच आलं न्हाई.’’ जेवणावळीला बोलावणं असतं. कामाला हाक. हाकेवर असलेल्यानं आलंच पाहिजे, हा जो नियम मला पोलीस ठाण्याच्या बातमीत एवढा आवडतो, तो त्यांच्या बापानं आयुष्यभर एकट्यानं पाळला. त्याच्या हाकेला वेशीच्या आतून कुणी आल्याचं कुणी सांगत नाही.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला चारेक मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक उशिरा झोपलेले. आमच्या गावाला भेगांवर भागलं. तिकडं औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं बसली. तीच दगडमातीची घरं आणि तीच माळवदं. पाऊस गळू नये म्हणून दरवर्षी वर पांढऱ्या मातीचा थर टाकायचा, जुना काढायचा नाही. वर्षानुवर्षं वजन वाढत गेलेलं. ज्या माळवदावरून हाका मारायच्या ते खाली आलं. आमच्या गावातले लोक ट्रॅक्टरनं मदतीला गेले होते, त्यांत माझा धाकटा चुलता होता. तो फार बोलत नाही यावर. एवढंच सांगतो की ढिगाऱ्यावर उभं राहून एकजण हात वर करायचा, सगळ्यांनी टिकाव-फावडं थांबवायचं, रडणाऱ्यांनासुद्धा गप करायचं, आणि मग एकानं हाक मारायची. नावानं. नाव माहीत नसलं तर नुसतं ‘‘कोन हाय का?’’ मग थांबायचं. मातीत आवाज फार लवकर मरतो. दोन हातांवरचा माणूसही ऐकू येत नाही, कान दगडाला लावावा लागतो.

भूकंपानंतर 52 गावं उठवून नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, सरळ रेषा, प्रत्येकाला मोकळा प्लॉट. रुंद रस्ते हवेच होते, बोळात अडकून माणसं गेली होती. पण पुढं एका नव्या गावात सोयरिकीच्या निमित्तानं जाणं झालं तेव्हा तिथली म्हातारी म्हणाली, ‘‘घर चांगलं हाय. हाकंला मानूस न्हाई.’’ शेजारीण रस्त्यापलीकडं, अंगणापलीकडं, फाटकापलीकडं. जुन्या गावात भिंतीला भिंत होती, चुलीपुढून बोललं की पलीकडून उत्तर यायचं. खोटं कशाला, त्या भिंतीतून नको ते ऐकू जायचं, सासूनं काय म्हटलं ते सकाळी पाणवठ्यावर आलेलं असायचं. तरी तिला ते हवं होतं. मी तिच्याशी वाद घातला नाही. तिच्याकडं कारण होतं.

आता शिवारात हाक ऐकू येत नाही म्हणून कुणी हळहळलं की मला थोडा राग येतो. रात्रीची लाईट असते तेव्हाचं पाणी देणं ज्यानं केलंय तो हळहळणार नाही. एकजण विहिरीवर मोटारीपाशी, दुसरा हरभऱ्याच्या टोकाला गुडघाभर गारठ्यात. मोटारीची घरघर कानाशी, त्यात तिकडून काहीतरी ओरडणं येतं. ‘‘बंद कर’’ म्हणाला की ‘‘बंद करू नको’’? शेवटचं अक्षर वाऱ्यानं खाल्लं की पाणी शेजाऱ्याच्या रानात. त्यावरून भांडणं झालीत, कोर्टात गेलीत. मोबाइल आला आणि मिस्ड कॉलवर भागायला लागलं. नंतर सिमकार्डाचं ऑटो आलं. घरी अंथरुणात पडून मोटारीला फोन लावायचा आणि ती चालू होते. माझा चुलतभाऊ मोटारीचा नंबर बायकोच्या नंबरच्या वर सेव्ह करून बसलाय. वहिनीला ते माहीत आहे.

संकटाच्या हाकेचंही तसंच झालं. 112 लावलं की आमच्या गावची हाक आधी नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या केंद्रात जाते आणि तिथून फिरून आमच्याच ठाण्याच्या गाडीत येते. शेकडो किलोमीटरचा वळसा, पण गाडी येते, ही गोष्ट लहान नाही. त्याहून मजेची ग्राम सुरक्षा यंत्रणा. नोंदणी केलेल्या गावात संकट आलं तर एका क्रमांकावर फोन करून बोलायचं, की तेच बोलणं, त्याच आवाजात, गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर जाऊन वाजतं. ज्यानं कुणी ही काढली त्याला हाकेचं मर्म कळलेलं आहे. छापील संदेश वाचून माणूस अंथरुणातून उठत नाही. ओळखीच्या गळ्यातून घाबरलेला आवाज आला की उठतो.

मागच्या सोयाबीन काढणीला मी गावी होतो. चोरांची हूल उठलेली, रोज नवी अफवा. रात्री एकच्या सुमाराला घरातले सगळे फोन एकदम वाजले. कानाला लावला तर टाकीकडच्या आळीतल्या पोराचा आवाज: ‘‘चोर आलेत, चोर! पळा, लवकर या!’’ आणि बंद. घाबरून त्यानं नाव सांगितलं नाही, जागा सांगितली नाही. फोनवाले सगळे उठले. पण जायचं कुठं? मी स्लॅबवर गेलो तर गल्लीत प्रत्येक स्लॅबवर माणूस, हातात बॅटरी, काठी, एकाकडं नुसतंच लाटणं. सगळे एकमेकांना विचारतायत. शेवटी माझा धाकटा चुलता पाण्याच्या सिंटेक्सला धरून कठड्यावर चढला, तोंडाशी हात धरला आणि आबांच्या वरताण ओरडला, ‘‘कुनाकडंऽऽ?’’

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या हाकेला गावाच्या पार दुसऱ्या टोकाकडून बारीक आवाज आला, ‘‘हिकडंऽऽ! टाकीपाशीऽऽ!’’

सगळं गाव टाकीकडं पळालं. चोर नव्हताच. म्हशीचं रेडकू दावं तोडून गोठ्याच्या पत्र्याला धडका देत होतं. त्या पोराला चार शिव्या बसल्या, पण एवढी माणसं दारात आलेली बघून त्याच्या आईनं चुलीवर मोठं पातेलं चढवलं. साखर तीन घरांतून आणावी लागली.